हातात मावणाऱ्या पीसीवर लोक खरंच काय खेळतात?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. अडखळणं आणि मध्येच वाजलेली शेजारच्यांची बेल तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

००:०० – प्रश्न कुठून आला

गेले काही आठवडे तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, स्टीम डेक घेऊ की आरओजी अ‍ॅलाय?" कोणी पहिल्या पगारातून घ्यायचं म्हणतंय, कोणी आईबाबांना पटवतंय. आणि त्या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न असतो, "त्यावर सगळे गेम चालतात ना?"

आता बघा, कोणता चिप, किती रॅम, किती फ्रेम्स यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. तुम्ही ते बघितलेले आहेत, मला माहितीये. म्हणून आज मी प्रश्न जरा उलटा करते. ज्यांच्याकडे हे मशीन आधीपासून आहे, ते लोक त्यावर तासन्‌तास नेमकं काय खेळतात? जाहिरातीत दिसतं ते की भलतंच काही?

ही यादी एकदा नीट समजली की मशीन कशासाठी आहे ते कळतं. साठ-सत्तर हजार रुपये घालण्याआधी ते कळलेलं बरं.

०१:२० – आधी थोडक्यात: हँडहेल्ड पीसी म्हणजे काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी एक मिनिट पुढे ढकला. हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे पूर्ण कॉम्प्युटरच, फक्त मध्ये स्क्रीन आणि दोन्ही बाजूंना कंट्रोलरची बटणं. निन्टेन्डो स्विचसारखा दिसतो, पण आत लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर असतो आणि तुमच्या स्टीम अकाउंटवर आधीच विकत घेतलेले गेम त्यावर उतरवता येतात.

या प्रकाराला खरा धक्का दिला तो व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकने. २८ फेब्रुवारी २०२२ला तो लोकांच्या हातात पडायला लागला. ७ इंची स्क्रीन, १६ जीबी रॅम, एएमडीचा खास बनवलेला चिप, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेल ३९९ डॉलर. नोव्हेंबर २०२३मध्ये ओएलईडी स्क्रीनचं मॉडेल आलं. त्याच सुमारास आसूसचा आरओजी अ‍ॅलाय, लेनोव्होचा लीजन गो, एमएसआयचा क्लॉ अशी बाकीची मंडळी मैदानात उतरली.

दोन गटांतला मुख्य फरक असा. अ‍ॅलाय वगैरे मशीन्स बहुतेक विंडोज ११वर चालतात. डेक चालतो स्टीमओएसवर, म्हणजे लिनक्सवर. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवायचं काम प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर करतं. गेम विंडोजच्या भाषेत काहीतरी मागतो, प्रोटॉन ते मधल्यामध्ये लिनक्सच्या भाषेत करून पुढे देतो. दुभाष्यासारखं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

०३:०५ – यादीत कोण आहे

यादी कुठे मिळते? स्टीमच्या चार्ट्सच्या पानावर डेकवर सर्वाधिक खेळल्या गेलेल्या गेम्सचा वेगळा विभाग आहे. आठवडा, महिना, वर्ष असं बदलून बघता येतं. शिवाय दरवर्षी डिसेंबरात स्टीम वर्षाचे सर्वोत्तम गेम जाहीर करतं, त्यातही डेकसाठी वेगळा रकाना असतो. तिथे प्लॅटिनम, गोल्ड असे गट पाडलेले असतात, पहिला-दुसरा असा नंबर नसतो.

ही पानं मी डेक आल्यापासून अधूनमधून बघत आलेय, आणि काही नावं हटायचं नावच घेत नाहीत. स्टारड्यू व्हॅली, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स, हेडीज, एल्डन रिंग, सायबरपंक २०७७. २०२३मध्ये त्यात हॉगवर्ट्स लेगसी आणि बाल्डर्स गेट ३ आले. २०२४मध्ये बलाट्रो आला. सप्टेंबर २०२५मध्ये हॉलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग आणि हेडीज २ची पूर्ण आवृत्ती आली.

आता याच्या शेजारी पूर्ण स्टीमची यादी ठेवा, म्हणजे टेबलावरचे पीसी, लॅपटॉप सगळे धरून. तिथे वर्षानुवर्षं कोण वर असतं? काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, पबजी. (पीसीवालं पबजी हं, तुमच्या फोनवरचं बीजीएमआय नाही.) एकाच वेळी लाखो लोक खेळत असतात.

दोन्ही याद्या स्टीमच्याच. पण एकीकडे पाच विरुद्ध पाच, हेडफोन लावून, मित्रांना शिव्या घालत खेळायचे गेम. आणि दुसरीकडे शेती करायचा गेम, पत्त्यांचा गेम, एकट्याने सोफ्यावर बसून खेळायचे गेम. तीच दुकानं, बरेचसे तेच लोक, पण हातातलं मशीन बदललं की खेळ बदलतो. का?

०५:०० – पहिलं कारण: मध्येच ठेवून देता येणं

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण डेकच्या वरच्या कडेला आहे, पॉवरचं बटण. गेम चालू असताना ते दाबलं की मशीन झोपतं. पुन्हा दाबलं की काही सेकंदांत गेम जिथल्या तिथे. फोन लॉक केल्यासारखं. सेव्ह करा, बाहेर पडा, पुन्हा लोडिंग बघा, काही नाही.

फोन वापरणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल. पण पीसीवर हे कधीच इतकं सरळ नव्हतं. विंडोजवाल्या हँडहेल्ड्सबद्दल सुरुवातीपासून जी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते ती हीच, की झोपवलेलं मशीन बॅगेत मध्येच जागं होतं, नाहीतर जागं झाल्यावर गेम बंद पडलेला असतो.

आता हे बटण डोक्यात ठेवून यादी पुन्हा बघा. स्टारड्यू व्हॅलीतला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण १४ मिनिटांचा असतो. सकाळी सहाला उठायचं, पाणी घालायचं, खाणीत जायचं, रात्री झोपलं की गेम सेव्ह. म्हणजे गेमच मुळात छोट्या तुकड्यांत कापलेला आहे. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचा एक डाव बहुतेक नकाशांवर ३० मिनिटांत संपतो, त्याआधी मेलात तर आणखी लवकर. हेडीजमध्ये पाताळातून पळायचा एक प्रयत्न अर्ध्यापाऊण तासाचा. बलाट्रोचा डाव तर मधूनच सोडला तरी तिथूनच पुढे चालू होतो.

आणि बाल्डर्स गेट ३? तो शंभर तासांचा राक्षस आहे. पण त्यातली लढाई पाळीपाळीने होते, बुद्धिबळासारखी. तुमची पाळी आली आणि तुम्ही चहा टाकायला उठलात, तरी गॉब्लिन बिचारा उभा राहतो.

याउलट काउंटर-स्ट्राइकची मॅच मध्येच झोपवून बघा. गेमला काही थांबायचं नाही, तुम्हीच बाहेर पडता, वर मध्येच सोडलं म्हणून काही वेळ खेळायची बंदी लागते.

हातातलं मशीन लोक कधी वापरतात? जेवण गॅसवर असताना, बाळ झोपल्यावर, ट्रेनमध्ये, घरातला टीव्ही दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असताना. म्हणजे ज्या वेळेवर आपला पूर्ण हक्क नसतो त्या वेळात. अशा वेळी जो गेम तुमची वाट बघू शकतो तोच टिकतो.

०७:३० – दुसरं कारण: बॅटरीचं साधं गणित

हे गणित एकदा करूनच बघू, सोपं आहे. डेकच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची. व्हॉल्व्ह स्वतः सांगतं की ती २ ते ८ तास चालते, गेमवर अवलंबून. ४० भागिले २ म्हणजे २० वॅट, ४० भागिले ८ म्हणजे ५ वॅट. म्हणजे स्क्रीन, वायफाय, चिप सगळं मिळून हलका गेम ५ वॅट खातो आणि जड गेम २०च्या आसपास. ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० वॅट-अवरची, आणि कंपनीचा आकडा ३ ते १२ तास.

लक्षात घ्या, एकाच मशीनवर बॅटरीत चौपट फरक पडतोय, आणि तो कोणता गेम लावलाय यावर.

का पडतो? सायबरपंकमध्ये प्रत्येक फ्रेमला शहरभर दिवे, सावल्या, पावसातलं प्रतिबिंब, गर्दी हे सगळं मोजायचं असतं. ग्राफिक्स चिप सतत पळत असतो. स्टारड्यूमध्ये पिक्सेलचं चपटं चित्र, वरून दिसणारं. चिपला फ्रेम काढून झाल्यावर पुढच्या फ्रेमपर्यंत जवळजवळ आरामच असतो. आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला आयडल टाइम म्हणतो, तोच इथे बॅटरी वाचवतो.

पुणे-मुंबई ट्रेनचा प्रवास साधारण सव्वातीन तासांचा. माझ्याकडे पहिलं मॉडेल आहे, मावसभाऊ अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. त्यावर बलाट्रो लावला तर शिवाजीनगरला चालू करून दादरला उतरेपर्यंत चिंता नसते. सायबरपंक लावला तर कर्जत यायच्या आत चार्जर शोधायला लागतो, आणि ट्रेनमधल्या प्लगवर आधीच तिघांचे फोन असतात. मग सवयीने बोट कोणत्या गेमवर जाणार ते उघड आहे. यादी अशाच लाखो छोट्या निर्णयांतून बनते.

०९:४० – मग जड गेम यादीत कसे?

इथे तुम्ही मला अडवाल. ताई, एल्डन रिंग आणि सायबरपंक तर हलके नाहीत, तरी यादीत आहेत.

बरोबर. त्याला तीन-चार गोष्टी कारणीभूत आहेत.

एक म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन. डेकची स्क्रीन १२८० गुणिले ८००, म्हणजे सव्वादहा लाखांच्या आसपास पिक्सेल. फुल एचडीत साधारण २१ लाख असतात. म्हणजे चिपला जवळजवळ अर्धंच चित्र रंगवायचं असतं. लीजन गोची पहिली स्क्रीन २५६० गुणिले १६००, म्हणजे डेकच्या बरोबर चौपट पिक्सेल. कागदावर भारी दिसतं, पण तेवढे पिक्सेल रंगवायला ताकदही तेवढी लागते, म्हणून तिथेही बरेच जण रिझोल्यूशन खाली आणूनच खेळतात. सात-आठ इंचांवर डोळ्याला फरक फारसा कळत नाही.

दुसरी गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते, ती म्हणजे ४० फ्रेम्सची युक्ती. सेकंदाला ६० फ्रेम्स असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० असतील तर ३३.३. मग या दोन वेळांच्या बरोबर मध्ये काय येतं? २५ मिलिसेकंद. म्हणजेच ४० फ्रेम्स. आकड्यात ४० हा ३०च्या जवळ वाटतो, पण हाताला जाणवतं ते मिलिसेकंदात, आणि तिथे तो अर्ध्या वाटेवर आहे. अडचण अशी की ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० फ्रेम्स नीट बसत नाहीत, काही फ्रेम्स एकदा दिसतात, काही दोनदा, आणि चित्र अडखळतं. म्हणून व्हॉल्व्हने २०२२मध्येच अपडेट देऊन स्क्रीनच ४० हर्ट्झवर आणायची सोय केली. जड गेम ४०वर बांधायचा, बॅटरीही थोडी वाचते, हातालाही बरं वाटतं.

तिसरी गोष्ट शेडरची. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपला द्यायचे छोटे प्रोग्रॅम्स. ते प्रत्येक चिपसाठी वेगळे तयार करावे लागतात, आणि बऱ्याच पीसी गेम्समध्ये ते खेळताखेळता तयार होतात. तेव्हा चित्र क्षणभर गचका खातं. डेकचं हार्डवेअर मात्र सगळ्यांकडे जवळपास एकच. त्यामुळे एकाच्या मशीनसाठी तयार झालेले शेडर दुसऱ्यालाही चालतात, आणि स्टीम ते आधीच उतरवून देतं. एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ला आला, डेकच्या तीनच दिवस आधी. तेव्हा पीसीवर त्याच्या गचक्यांबद्दल भरपूर ओरड झाली. व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये बदल करून डेकवर ते गचके बरेच कमी केले. महागड्या डेस्कटॉपवाल्यांना हा छोटा डबा बघून थोडं लागलंच असणार.

आणि चौथी गोष्ट म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी मनावर घेणं. सायबरपंकच्या सेटिंग्जमध्ये स्टीम डेकसाठी वेगळा पर्याय दिलाय, एक बटण दाबायचं आणि झालं. बाल्डर्स गेट ३ बनवणाऱ्या लॅरियनने सप्टेंबर २०२५मध्ये डेकसाठी खास लिनक्स आवृत्ती काढली, म्हणजे प्रोटॉनचा दुभाषी मधून गेला आणि प्रोसेसरवरचा तेवढा भार उतरला.

शिवाय जड गेमवाले लोक बऱ्याचदा डेकवर अर्धाच गेम खेळतात. मोठी लढाई घरच्या पीसीवर, आणि किरकोळ कामं, वस्तू गोळा करणं, इकडेतिकडे फिरणं डेकवर. सेव्ह स्टीमच्या क्लाउडवर असते, त्यामुळे एकीकडे सोडलेलं दुसरीकडे उचलता येतं.

१२:५० – यादीत नाहीत ते

आता तुमच्या कामाचा भाग. तुमच्यातले निम्मे जे खेळता, ते या यादीत का नाही?

व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी हे डेकच्या स्टीमओएसवर चालतच नाहीत. ताकद कमी पडते म्हणून नाही हं. अडतं ते अँटी-चीटमुळे.

स्पर्धेच्या गेममध्ये कोणी भिंतीपलीकडचं बघायचं सॉफ्टवेअर लावू नये म्हणून गेमसोबत एक पहारेकरी येतो. व्हॅलोरंटचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जिथून सगळं दिसतं. आता डेकवर विंडोजच नाही. प्रोटॉन गेमला विंडोजचा भास करून देऊ शकतो, पण त्या पहारेकऱ्याला हवा असलेला खरा विंडोज कर्नल कुठून आणणार?

काही अँटी-चीट प्रोटॉनसोबत चालू शकतात. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१मध्येच तशी सोय केली. पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. एल्डन रिंगने चालू केली, म्हणून तो ऑनलाइनही खेळता येतो. एपेक्स लेजंड्सने चालू केली होती, पण ३१ ऑक्टोबर २०२४ला लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला, कारण चीट करणारे त्या वाटेने येतात असं त्यांचं म्हणणं. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय बसवलं आणि डेकवाल्यांसाठी ऑनलाइन बंद झालं. जीटीए ५ची गोष्ट तुम्ही एकट्याने खेळू शकता, मित्रांसोबत बँक लुटायला जाऊ शकत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. आज चालणारा ऑनलाइन गेम उद्या एका अपडेटने बंद होऊ शकतो, आणि तुम्ही काहीच करू शकत नाही. एकट्याने खेळायच्या गेमला हा धोका फारच कमी.

मग अ‍ॅलाय घेतला तर? विंडोज आहे, व्हॅलोरंट चालू होईल. पण पीसीवरच्या व्हॅलोरंटला कंट्रोलरच चालत नाही. म्हणजे माउस-कीबोर्ड जोडून, मशीन टेबलावर उभं करून खेळायचं. मग लॅपटॉपच काय वाईट होता?

१५:०० – यादी वाचताना थोडं सांभाळून

ऑफिसात डॅशबोर्ड बघून बघून मला एक खोड लागलीये. आकडा दिसला की तो कसा मोजलाय ते आधी विचारायचं.

तासांनुसार यादी लावली तर बाल्डर्स गेट, एल्डन रिंगसारखे लांबलचक गेम वर येतात, कारण एकेक माणूस शंभर तास घालतो. किती लोकांनी खेळला असं मोजलं तर स्वस्त आणि छोटे गेम वर येतात. दोन्ही खरं, पण प्रश्न वेगळे.

दुसरं, स्टीमच्या बाहेरचं यात धरायला फार जागा नाही. एपिकचे गेम, जुन्या कन्सोलचे एम्युलेटर, हे डेकवर भरपूर लोक चालवतात, पण स्टीमच्या गेम्सच्या यादीत ते येणार नाहीत. आणि अ‍ॅलाय, लीजन गोवर काय खेळलं जातं याची अशी उघड यादी कोणी काढत नाही. म्हणून आपण ‘हँडहेल्ड पीसी’ म्हणतो तेव्हा आकडे मात्र मुख्यतः डेकचेच असतात.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. डेक अधिकृतपणे विकला गेला तो अमेरिका, कॅनडा, युरोप, मग जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी. भारतात व्हॉल्व्हने तो दुकानात आणला नाही. आपल्याकडे जे आहेत ते कोणी ना कोणी आणलेले. त्यामुळे यादी सांगते ती तिकडच्या लोकांची आवड, ज्यांच्या घरी बहुतेक वेळा दुसरा पीसी नाहीतर कन्सोल आधीच असतो.

तरीही एक आकडा बोलका आहे. स्टीमने २०२४च्या आढाव्यात सांगितलं की डेकवर त्या वर्षी ३३ कोटी तास खेळलं गेलं, आदल्या वर्षापेक्षा ६४ टक्के जास्त. म्हणजे लोक मशीन घेऊन कपाटात ठेवत नाहीयेत. आणि त्याच वर्षी पूर्ण स्टीमवर नव्या, म्हणजे २०२४मध्येच आलेल्या गेम्सवर गेलेला वेळ होता फक्त १५ टक्के. लोक जुनंच खेळतात, मंडळी. स्टारड्यू व्हॅली २०१६चा आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवलेला. अजून यादीत ठाण मांडून बसलाय.

१७:१० – मग आपण काय करायचं

आता पैशांचं बोलू. जुलै २०२३मध्ये आरओजी अ‍ॅलायचं वरचं मॉडेल भारतात अधिकृतपणे आलं तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. डेक हवा असेल तर आयात करून विकणारे दुकानदार, ते लावतील तो भाव, आणि इथे कंपनीची वॉरंटी नाही. स्टिक खराब झाली, बॅटरी फुगली तर दुरुस्ती तुमच्या जबाबदारीवर. पहिल्या नोकरीच्या पगारात ही छोटी रक्कम नाही.

म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारा. खरं उत्तर द्या, कोणी ऐकत नाहीये.

गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त काय खेळलात? उत्तर मित्रांसोबत व्हॅलोरंट किंवा बीजीएमआय असेल, तर हे मशीन तुम्हाला त्या मित्रांपासून लांब नेईल. त्याच पैशात साधा गेमिंग लॅपटॉप बघा, कॉलेजचं कामही होईल.

तुमच्या स्टीम लायब्ररीत आधीपासून एकट्याने खेळायचे, अर्धवट सोडलेले गेम आहेत का? असतील तर प्रत्येकाच्या पानावर डेकचं चिन्ह बघा. व्हेरिफाइड, प्लेएबल, अनसपोर्टेड असे शिक्के असतात. हा शिक्का देताना बटणं नीट चालतात का, अक्षरं वाचता येतात का हेही तपासतात. डेकच्या स्क्रीनवर सगळ्यात बारीक अक्षरसुद्धा ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नको, इतका बारकाईने नियम आहे. ज्याने ट्रेनच्या हिंदकळण्यात बारीक मेन्यू वाचायचा प्रयत्न केलाय त्याला या नियमाची किंमत कळेल.

आणि तिसरा, तुम्ही खेळता तिथे नेट असतं का? लोणावळ्याच्या पुढे घाटात बोगदे सुरू झाले की नेट जातं. काही मोठे गेम आधी स्वतःचं लाँचर उघडतात, लॉगिन मागतात, आणि नेट नसलं की तिथेच अडून बसतात. ऑफलाइन चालणारा गेम निवडा, आणि निघायच्या आधी घरी एकदा विमान मोडवर टाकून उघडून बघा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्या खिशातच आहे. या यादीतले बरेच गेम फोनवर मिळतात. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स फोनवर फुकट आहे, जाहिरातीसुद्धा तुम्ही स्वतःहून बघितल्या तरच. बलाट्रो सप्टेंबर २०२४मध्ये फोनवर आला. स्टारड्यू व्हॅली अँड्रॉइडवर २०१९पासून आहे, एकदा पैसे भरायचे आणि विषय संपला, आत खरेदीचा कटकटाट नाही. एखादा साधा ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर उत्तमच.

महिनाभर यातला एक गेम फोनवर खेळा. रात्री रील्सऐवजी हात आपोआप त्याच्याकडे जातो का बघा. जात असेल, आणि मग मोठ्या स्क्रीनची, खऱ्या बटणांची, एल्डन रिंगची भूक लागली, तर पैसे साठवायला घ्या, मी तुमच्या बाजूने आहे. चार दिवसांत कंटाळा आला, तर तुमचे सत्तर हजार वाचले.

जाताजाता एक. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ २०२०मध्ये आला तेव्हा आधी निन्टेन्डो स्विचवर आला, पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर नंतर. हातात धरून, सलग गोष्ट अनुभवत खेळायचा गेम. म्हणजे या प्रकारच्या खेळाला मोठा स्टुडिओ आणि प्रचंड पैसा लागतोच असं नाही. ऐकणाऱ्यांमध्ये कोणी गेम बनवायचं शिकत असेल तर या यादीकडे त्या नजरेनेही बघा. जो माणूस वीस मिनिटांसाठी मशीन उचलतो, त्याच्यासाठी कोणीतरी गेम बनवायलाच हवेत.

बरं, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे डेक, अ‍ॅलाय काहीही असेल तर त्यावर सगळ्यात जास्त तास कोणत्या गेमचे झालेत ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. स्टीमच्या लायब्ररीत आकडा दिसतो, लपवाछपवी नको. माझ्याकडे स्टारड्यूचे १४० झालेत आणि माझं गोठ्याचं काम अजून बाकी आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!